खानापुरी

उर्दूत 'खाना' म्हणजे घर आणि 'खाना' म्हणजे कागदावर आखलेला चौकोनही. हे चौकोन भरण्याचं काम म्हणजे खानापुरी. हिंदीवाले त्यालाच खानापूर्ती म्हणतात. मूळ अर्थ इतका साधा. पण आज कुणी 'खानापुरी केली' म्हटलं की आपण समजून घेतो, काम झालेलं नाही, झाल्यासारखं दिसतंय एवढंच. हा शब्द शिकवताना मला उदाहरण शोधावं लागत नाही. मुलांनी आपल्या आईबापांना मोबाइलवर सरकारी फॉर्म भरताना पाहिलेलं असतं.

मी भाषेचा शिक्षक आहे, उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणकाचं वेगळं शिक्षण घेतलेलं नाही. पण गेली काही वर्षं जून उजाडला की शाळेतला बराचसा वेळ पोर्टलांवर जातो. प्रवेश, शिष्यवृत्ती, बँक खातं, आधार जोडणी. हे काम करता करता एक मत पक्कं झालं आहे. फॉर्ममधला कोणता रकाना कधी तपासायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हा निर्णय 'टेक्निकल' म्हणून प्रोग्रामरच्या गळ्यात टाकला जातो. खरं तर तो माणसांविषयीचा निर्णय आहे. आणि बहुतेक ठिकाणी तो कुणी घेतलेलाच नसतो. सगळ्या रकान्यांपुढे लाल तारा लावला, विषय संपला.

आधी तपासणी कुठे होते ते पाहू. ऑनलाइन फॉर्म दोनदा तपासला जातो. पहिल्यांदा तुमच्या मोबाइलच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये. रकाना रिकामा राहिला की तिथल्या तिथे लाल रेघ येते. दुसऱ्यांदा, 'सबमिट' दाबल्यावर माहिती दूरच्या सर्व्हरवर पोहोचते तेव्हा. पहिली तपासणी ही केवळ सोय आहे. थोडीफार माहिती असलेला कुणीही ती बंद करून हवं ते पाठवू शकतो. म्हणून खरी तपासणी सर्व्हरवरची. परीक्षेत पर्यवेक्षक सांगतात ना, 'बैठक क्रमांक लिहिला का बघा'? ती पहिली तपासणी. उत्तरपत्रिका परीक्षकाच्या टेबलावर जाते ती दुसरी. गुण दुसरीकडे मिळतात.

आता परीक्षकाला विचारा, एखाद्या उत्तराला शून्य का? तीन वेगळी कारणं निघतील. मुलगा परीक्षेला आलाच नाही. आला, पण उत्तरपत्रिका कोरी ठेवली. किंवा लिहिलं, पण चुकीचं लिहिलं. गुणपत्रकात गैरहजर मुलाला आपण शून्य देत नाही, 'गैरहजर' असं स्पष्ट लिहितो. त्या मुलाशी पुढे कसं वागायचं, फेरपरीक्षा घ्यायची की शिकवणी, ते या फरकावर ठरतं.

फॉर्मच्या रकान्याचंही अगदी असंच असतं. फॉर्ममधली मजकुराची चौकट तुम्ही रिकामी सोडली तरी सर्व्हरकडे ती जाते, फक्त आत काही नसतं. म्हणजे कोरी उत्तरपत्रिका. पण टिक न केलेला चौकोन, किंवा निष्क्रिय करून ठेवलेला रकाना, सर्व्हरकडे जातच नाही. म्हणजे गैरहजर. आणि दहाऐवजी नऊ आकड्यांचा मोबाइल नंबर म्हणजे चुकीचं उत्तर. ज्या प्रोग्रामरला या तिघांतला फरक कळतो, तो काही रकाने तपासून काही सोडू शकतो. ज्याला कळत नाही किंवा ज्याला तेवढा वेळ दिला जात नाही, तो तिघांनाही एकच संदेश देतो: 'हे भरणे आवश्यक आहे.'

याने काय होतं ते एका मुलीच्या बाबतीत पाहिलं. नववीत होती. वडील तीन वर्षांपूर्वी वारले, आई घरी शिलाईकाम करते. एका शिष्यवृत्तीचा फॉर्म ती माउली शाळेत घेऊन आली. त्या फॉर्ममध्ये 'वडील हयात नाहीत' असा चौकोन होता. त्यावर टिक केली की वडिलांचा व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न हे रकाने पडद्यावरून नाहीसे व्हायचे. इथपर्यंत छान. कुणीतरी विचार केला होता. पण तो विचार ब्राउझरपुरताच होता. सर्व्हरवरचा नियम जुनाच: वडिलांचं उत्पन्न सक्तीचं. त्यामुळे सबमिट दाबलं की लाल अक्षरांत यायचं, 'वडिलांचे वार्षिक उत्पन्न भरणे आवश्यक आहे.' आणि भरायचं म्हटलं तर पडद्यावर रकानाच नाही.

आई म्हणाली, "उनो गुजर गये बोलके टिक मारे ना सर, फिर भी उनकी कमाई कायकू पूछ रा ये?"

हेल्पलाइन लागली नाही. दुसऱ्या दिवशी ती एका नेट कॅफेत गेली. तिथल्या मुलाने सगळ्यांसाठी जो तोडगा वापरतो तोच वापरला. टिक काढली आणि वडिलांच्या उत्पन्नात १ लिहिलं. फॉर्म गेला, पावती आली. खानापुरी झाली. पुढे कागदपत्रांच्या छाननीत मृत्यूचा दाखला आणि 'हयात' वडील यांचा मेळ बसेना. अर्ज बाद. त्या वर्षी ती शिष्यवृत्ती गेली ती गेलीच.

यात खोटं कुणी बोललं? कायद्याने विचाराल तर अर्जदाराने. मी म्हणेन, सर्व्हरने तिला खरं बोलूच दिलं नाही. पूर्वी खिडकीवरचा कारकून खेकसायचा, पण दाखला पुढे केल्यावर पेनने रेघ मारून 'मयत' लिहायचा. सर्व्हरच्या नियमाला पेन नसतो.

आणि यावरचा उपाय अवघड नाही, हे मला आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने दाखवलं. तो पुण्यात प्रोग्रामर आहे. शाळेचा प्रवेश-फॉर्म त्याने लारावेल नावाच्या चौकटीत लिहून दिला. रमजानच्या सुट्टीत दोन दुपारी मी त्याच्या शेजारी बसलो. लारावेलमध्ये प्रत्येक रकान्यासमोर नियमांची यादी असते. त्यात 'रिक्वायर्ड' म्हणजे हवाच. 'नलेबल' म्हणजे रिकामा चालेल, पण भरला तर पुढचे नियम लागू. 'समटाइम्स' म्हणजे रकाना आला तरच तपास, आलाच नाही तर सोड. आणि 'रिक्वायर्ड इफ' म्हणजे अमुक रकान्यात अमुक उत्तर असेल तरच हवा. त्या मुलीच्या फॉर्ममध्ये या शेवटच्या नियमाची एकच ओळ कमी होती. 'वडील हयात' असेल तरच उत्पन्न विचारा, ही ओळ पडद्यासाठी लिहिली गेली आणि सर्व्हरसाठी लिहायची राहिली.

ही सोय लारावेलपुरती नाही. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये रकान्यांचे तपासणी-गट करता येतात, जावामध्येही करता येतात. पायथनच्या जँगोत या फॉर्मपुरते कोणते रकाने ते नेमून देता येतं. म्हणजे 'सिस्टिममध्ये तसं होत नाही साहेब' हे उत्तर ऐकू आलं तर मानू नका.

सरकारसुद्धा असे सशर्त नियम करतंच. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक केलं. क्रम ठरवला: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मला हा निर्णय मनापासून आवडला. पण तो लागू कुणाला? १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. जन्मतारीख त्यापुढची असेल तरच आईच्या नावाचा रकाना सक्तीचा, असं हे सरळ 'रिक्वायर्ड इफ' आहे. कागदावर सरकारला हे जमतं. तोच नियम पोर्टलवर उतरताना सरसकट सगळ्यांवर लादला गेला, तर दोष संगणकाचा नाही.

दुसरी गोष्ट अर्धवट फॉर्मची. आमच्याकडची माणसं फॉर्म एका बैठकीत भरत नाहीत. आज आईचं आधार सापडतं, परवा पासबुक, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून येईल तेव्हा. म्हणून 'सेव्ह ड्राफ्ट' हवं. पण कित्येक पोर्टलांवर हे बटण दाबलं तरी सगळ्या रकान्यांची तपासणी सुरू होते आणि पान रिकामं होऊन परत येतं. मग ड्राफ्टला अर्थ काय? वेबपानाच्या प्रमाण भाषेत, एचटीएमएलमध्ये, खास अशा बटणासाठी 'फॉर्मनोव्हॅलिडेट' नावाचा शब्द आहे. हे बटण दाबल्यावर ब्राउझरने अडवायचं नाही. सर्व्हरवरही तेच धोरण हवं. ड्राफ्ट जतन करताना रिकामे रकाने सोडा, भरलेले तेवढे तपासा. पिनकोडमध्ये पाचच आकडे असतील तर आत्ता सांगा. पिनकोड भरलाच नसेल तर गप्प बसा. शेवटचं 'सबमिट' दाबलं की मग सगळं मागा.

इथे एक सावधगिरी, कारण 'काही रकाने सोडा' हे ऐकून उलटा घोळ घालणारेही आहेत. रकाना तपासायचा सोडला, पण जे आलं ते सगळं डेटाबेसात भरलं, हा तो घोळ. समजा चार पानी फॉर्मचं तिसरं पान जतन केलं. त्यात मोबाइल नंबर नाही, तो पहिल्या पानावर होता. सर्व्हरने 'नंबर आला नाही, म्हणजे रिकामा' असं मानून लिहिलं की पहिल्या पानावरचा नंबर पुसला गेला. गैरहजर मुलाला शून्य देण्याचाच हा प्रकार.

याहून वाईट म्हणजे फॉर्ममध्ये नसलेला रकानाच कुणी बाहेरून घुसवतो. २०१२ च्या मार्चमध्ये गिटहबवर हेच झालं. येगोर होमाकोव्ह नावाच्या तरुण प्रोग्रामरने फॉर्मबरोबर एक जादा रकाना पाठवला. सर्व्हरने तो बिनतक्रार स्वीकारला, आणि ज्या रेल्स या चौकटीवर गिटहब चालतं तिच्याच कोडमध्ये शिरायची किल्ली त्याला मिळाली. त्याने ती दाखवून देण्यासाठी वापरली, दुसऱ्या कुणी चोरीसाठी वापरली असती. आमच्या फॉर्मच्या भाषेत सांगायचं तर फीच्या फॉर्मबरोबर कुणी 'फी माफ: होय' असा रकाना पाठवला आणि तो नोंदला गेला, असं. म्हणून जेवढं तपासलं तेवढंच आत घ्यायचं. लारावेलमध्ये त्यासाठी 'व्हॅलिडेटेड' म्हणून मागता येतं आणि तपासलेलेच रकाने हातात येतात. घाईतला प्रोग्रामर 'ऑल' लिहितो आणि आलेलं सगळं उचलतो. माझा विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, एका शब्दाचा फरक आहे." व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला हे नवं नव्हतं.

आता नावाकडे येतो, कारण मराठी मुसलमानांना हा विषय खरा तिथे बोचतो.

आपल्या शाळांच्या जनरल रजिस्टरचा क्रम वर्षानुवर्षं आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा आहे. कोकणातल्या परकार, मुकादम, चौगुलेंना त्यात अडचण नाही. पश्चिम महाराष्ट्रातले मुलाणी, तांबोळी, आतार, बागवान, शिकलगार, मुजावर हेही त्या रकान्यात नीट बसतात. आपल्यातल्या पुष्कळांची आडनावं शेजारच्या मराठी गावगाड्यातूनच आलेली आहेत, त्यामुळे मराठी फॉर्म त्यांना ओळखतो. पण मराठवाड्यात या. इथे मुलाचं नाव 'शेख अजीम शेख करीम' असं असतं. शेख दोनदा. हा शेख आडनाव आहे का? अजीमच्या आजोबांना विचाराल तर ते म्हणतील, नावाच्या आधी लावायचा असतो, बस. रजिस्टरमध्ये तो आडनावाच्या जागी आपोआप बसला, कारण क्रमच तसा होता. पण इंग्रजी वळणाच्या फॉर्ममध्ये आधी 'फर्स्ट नेम', शेवटी 'लास्ट नेम' येतं. कुणी पहिल्या रकान्यात शेख लिहितो, कुणी शेवटच्या. एकाच घरातल्या दोन भावांची दोन आडनावं होतात. बायकांच्या नावात बी, बेगम, बानो, खातून असतं. तेही आडनाव नव्हे, पण रकाना सक्तीचा म्हटल्यावर तिथे जाऊन बसतं. मग आई 'बी', मुलगी 'शेख', आणि बँकेतला माणूस विचारतो, ही तुमचीच मुलगी का?

ज्यांना एकच नाव आहे त्यांनी काय करायचं? मी पाहिलेले तोडगे सांगतो. आडनावात पूर्णविराम. आडनावात 'एनए'. आडनावात पुन्हा तेच नाव. असा पूर्णविराम एकदा दाखल्यावर चढला की तो उतरवायला प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र लागतं. गंमत म्हणजे दुसऱ्या टोकाला असेही फॉर्म आहेत जे नावात फक्त इंग्रजी अक्षरं घेतात आणि पूर्णविराम दिसला की अडवतात. मोहम्मदचं 'एमडी टिंब' करून ठेवलेल्या माणसाचं तिथे अडतं. तामिळनाडूतून आलेल्या, नावाआधी वडिलांचं आद्याक्षर लावणाऱ्या माणसाचंही अडतं. हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही.

सरकारी दस्तऐवजांतही एकवाक्यता नाही. आधारवर पूर्ण नावाला एकच रकाना. पासपोर्टला दोन, पण आडनावाचा रिकामा ठेवता येतो. पॅन नंबरात तर पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, म्हणून एकच नाव असलेल्याला ते नाव आडनावाच्या रकान्यात लिहावं लागतं. तीन दस्तऐवज, तीन नियम, माणूस तोच. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने जाहीर केलं की पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटनाच्या किंवा भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही. नंतर खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल. ज्या समाजातली माणसं दोन-तीन पिढ्या आखातात कामाला जात आली, त्याला एका सक्तीच्या रकान्याचं वजन वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं, नावाची तपासणी जवळजवळ करूच नये. काहीतरी लिहिलं आहे एवढं पाहा, लांबीची मोठी मर्यादा ठेवा आणि सोडून द्या. हां, ते नाव पडद्यावर दाखवताना प्रोग्रामरने घ्यायची काळजी वेगळी, ती त्याने घ्यावी. पण आडनाव सक्तीचं नको. सगळा कडकपणा आकड्यांवर दाखवा, कारण तिथे यंत्राला खरंच काही कळतं. आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून एका सूत्राने काढलेला असतो. व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाचं सूत्र आहे ते. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर ते हमखास पकडतं. बँकेच्या आयएफएससी कोडात अकरा चिन्हं असतात आणि पाचवं शून्य. तिथे इंग्रजी ओ लिहिलं की पकडता येतं, आणि पकडलंच पाहिजे, नाहीतर पैसे अडकतात. नावाला असं सूत्र नसतं. 'शेख' मराठीत एकाच तऱ्हेने लिहितात, रोमन लिपीत चार तऱ्हांनी, आणि चारही बरोबर.

यावर अधिकारी मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं. सक्ती केली नाही तर लोक काहीच भरत नाहीत. यात तथ्य आहे. पालक पर्यायी रकाने खरंच सोडून देतात आणि नंतर आम्हालाच फोन करत बसावं लागतं. पण सक्तीने काय मिळतं तेही पाहा. उत्पन्न १ रुपया, आडनाव पूर्णविराम, ईमेल नेट कॅफेवाल्याचा, मोबाइल नंबर दहा वेळा ९. रिकामा रकाना निदान सांगतो की इथे विचारायचं बाकी आहे. खोटा रकाना सांगतो की विचारून झालं. मधला मार्ग आहे. रकान्याशेजारी 'उपलब्ध नाही' असा चौकोन द्या आणि कारण निवडायला लावा. सर्व्हरने दोन्हीपैकी एक मागावं. असं केलं तर सक्ती राहते आणि खोटं लिहायची पाळीही येत नाही.

शाळा, मशिदीचे ट्रस्ट, पतसंस्था, जमातींच्या शिष्यवृत्ती समित्या, सगळे आता आपापले फॉर्म बनवून घेत आहेत. पैसे देणारे आपण, तर ताबा घेण्यापूर्वी तास-दोन तास द्या. फॉर्म पूर्ण कोरा ठेवून बटण दाबा. 'वडील हयात नाहीत' निवडून शेवटपर्यंत जा. आडनाव सोडून पाहा. अर्धा भरून बंद करा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मोबाइलवर उघडा. प्रोग्रामरला विचारा, सर्व्हरवरही हेच नियम आहेत ना, की फक्त पडद्यावर? आणि सक्तीच्या प्रत्येक रकान्यापाशी समितीतल्या कुणीतरी सांगावं की हा कशाला हवा. 'नेहमी असतो म्हणून' हे उत्तर आलं की तो लाल तारा काढून टाकायला सांगा. आमच्या फॉर्ममध्ये अशाने नऊ तारे कमी झाले. त्यात धर्म आणि जात यांचेही होते, ते दाखल्यावरून नंतर घेता येतात.

आडनावाचा ताराही काढला. यंदा काही मुलांचे अर्ज आडनावाशिवाय आले आणि आमच्याकडे विनातक्रार नोंदले गेले. मात्र हीच माहिती पुढे ज्या पोर्टलवर चढवायची आहे तिथे आडनाव अजून सक्तीचं आहे. शेवटची तारीख जवळ आली आहे, आणि त्या मुलांच्या आडनावाच्या रकान्यात काय लिहायचं यावर आमच्या शिक्षक-खोलीत रोज दुपारी वाद चालू आहे.